अंड्याचं वजन

मासा साफ करताना पोटातून गाभोळी निघाली की कोकणातल्या घरात सगळ्यांचे चेहरे खुलतात. पिवळसर, दुहेरी, पातळ पडद्यात गच्च बसलेली. हळद-तिखट-मीठ चोळून, तांदळाच्या पिठात घोळवून ती तव्यावर पडते आणि कुणाच्या पानात जाणार यावरून मुलांची भांडणं होतात. मीही ती भांडले आहे. पुढे मत्स्यशास्त्र शिकायला लागले तेव्हा एकदा आईकडून कच्ची गाभोळी मागून घेतली, पडदा नखानं फाडला आणि चिमूटभर दाणे पाण्याच्या वाटीत सोडले. ते बुडतात की तरंगतात, एवढंच बघायचं होतं. दाणे बुडाले. मेलेल्या माशाच्या, पुरत्या न पिकलेल्या अंड्यांना तो प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता, हे नंतर कळलं. प्रश्न मात्र बरोबर होता.

माशांची आणि शिंपल्यांची अंडी माणसानं कशी उबवायला घेतली, त्यासाठी कोणती भांडीकुंडी केली, याची हकिगत या पुस्तकात आहे. पुढच्या पानांवर जाळीच्या पेट्या येतील, काचेच्या कांड्यांच्या ताटल्या येतील, बुडाशी गोल बरण्या, कापडाचे हौद, चुना फासलेली कौलं येतील. पहिल्यांदा चाळताना तो जुन्या सामानाचा ढीग वाटेल. पण प्रत्येक भांडं हातात घेऊन विचारावं, की यात ठेवायचं अंडं पाण्यात कसं वागतं? ते दगडासारखं तळाशी बसतं? गवताला चिकटतं? प्रवाहात अधांतरी लोळत जातं? की समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगतं? याचं उत्तर मिळालं की भांड्याचा आकार आपोआप उलगडतो. शंभर-दीडशे वर्षं वेगवेगळ्या देशांतली माणसं एकच गोष्ट शिकत होती, ती म्हणजे अंड्याचं वजन. जिथे ते कळलं नाही तिथे सरकारी पैसा आणि उत्तम इंजिनियर असूनही अंडी कुजली.

सुरुवात जड अंड्यापासून झाली, आणि ते साहजिक होतं. ट्राउट आणि सामन या थंड पाण्याच्या माशांचं अंडं तुरीच्या दाण्याएवढं किंवा थोडं मोठं असतं. रंग नारिंगी, कवच चिवट, नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारं. मादी शेपटीनं नदीच्या खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडी लोटून ती झाकते. खडीतून गार पाणी झिरपत राहतं आणि अंडी महिनोन् महिने तिथेच पडून राहतात. जर्मनीतल्या लिपे संस्थानात होहेनहाउझेन इथे राहणाऱ्या श्टेफान लुडविग याकोबी यानं 18व्या शतकाच्या मध्यावर हे सगळं ओढ्याकाठी बसून पाहिलं आणि त्याचीच नक्कल केली. लांबट लाकडी पेटी, दोन्ही टोकांना जाळी, तळाशी खडीचा थर, आणि पेटीतून वाहणारा ओढा. मादीचं पोट हलक्या हातानं दाबून त्यानं पिकलेली अंडी स्वच्छ पाण्याच्या भांड्यात पाडली, नराच्या पोटातून तसंच दुधासारखं वीर्य काढून त्यावर सोडलं आणि ती अंडी पेटीतल्या खडीत ठेवली. पिल्लं निघाली. 1760च्या दशकात त्याचं हे लिखाण हॅनोव्हरच्या नियतकालिकात छापून आलं.

याकोबीची पेटी मला पुनःपुन्हा पाहाविशी वाटते. तिच्यात नवं काहीच नाही, म्हणूनच ती मोठी आहे. मादी खळग्यात जे करते ते त्यानं फळ्यांत बसवलं. पाणी वाहतं ठेवलं, उंदीर आणि मोठे मासे बाहेर ठेवले, उजेड अडवला. नदीत या अंड्यांवर टपलेले सगळे शत्रू जाळीपलीकडे गेले. हॅचरी नावाची जी गोष्ट आज आपण ओळखतो ती त्या पेटीत जवळजवळ पुरी होती. तरी पुढची सत्तर-ऐंशी वर्षं ते लिखाण बहुतेकांसाठी ग्रंथालयातच राहिलं.

मग फ्रान्समध्ये, व्हॉज डोंगरातल्या ला ब्रेस गावी, हाच शोध नव्यानं लागला. लावणारा जोसेफ रेमी मासेमार होता. ओढ्यांतले ट्राउट कमी होत चालले होते आणि त्याचं पोट त्यांच्यावर होतं. त्यानं याकोबी वाचलेला नव्हता. हिवाळ्याच्या तोंडावर, रात्रीच्या रात्री पाण्याकाठी बसून मासे अंडी कशी घालतात ते त्यानं पाहिलं, आणि 1842च्या सुमारास गावातल्या आंत्वान जेहँ या खानावळवाल्याला जोडीला घेऊन स्वतः अंडी फळवायला सुरुवात केली. त्यांचं साधन म्हणजे भोकं पाडलेला जस्ताचा गोल डबा. डब्यात खडी, खडीत अंडी, आणि डबा ओढ्याच्या खडीत पुरलेला. 1848मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत कात्रफाज या शास्त्रज्ञानं कृत्रिम फलनानं नद्या पुन्हा माशांनी भरता येतील असा विचार मांडला, तेव्हा एपिनाल गावच्या आक्सो नावाच्या डॉक्टरनं कळवलं, की आमच्या डोंगरातले दोघे जण हे काम काही वर्षांपासून करताहेत. या विषयाच्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटणारी ही घटना आहे. शास्त्र सभागृहात पोचलं तेव्हा मासेमाराचा डबा आधीच पाण्यात होता.

पुढचं पाऊल रशियात पडलं, आणि ते भांड्याचं नव्हतं, हाताच्या कृतीचं होतं. अंडी पाण्यात पाडायची आणि मग वर वीर्य सोडायचं, ही याकोबीची पद्धत सगळे वापरत होते, पण पुष्कळ अंडी वांझ राहायची. व्लादिमीर व्रास्की यानं 1850च्या दशकात निकोल्स्क इथल्या आपल्या हॅचरीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा कारण दिसलं. ट्राउटच्या वीर्यातले शुक्राणू पाण्यात पडताच जागे होतात आणि साधारण मिनिटभरातच थकून थांबतात. अंड्याच्या कवचाला एकच सूक्ष्म छिद्र असतं. पाणी लागलं की अंडं फुगू लागतं आणि ते छिद्र बंद होतं. म्हणजे पाण्यात दोघांचीही घाई उडते आणि बहुतेकांची चुकामूक होते. व्रास्कीनं अंडी कोरड्या भांड्यात पाडली, त्यावर वीर्य टाकलं, हलकेच ढवळलं आणि मग पाणी घातलं. वांझ अंड्यांचं प्रमाण एकदम खाली आलं. आजही देशोदेशीच्या ट्राउट केंद्रांत पातेलं पुसून कोरडं केल्याशिवाय मादीला हात लावत नाहीत. एका थेंबाचा आधी-नंतर, पण त्यानं सगळा हिशेब बदलला.

फ्रान्समध्ये आता काम सरकारनं उचललं होतं. ऱ्हाईनकाठी, बाझेल शहराजवळ, ह्युनँग इथे 1852पासून मोठं केंद्र उभं राहू लागलं. तिथून फळलेली अंडी युरोपभर पाठवली जात. कॉलेज द फ्रान्समधले गर्भविज्ञानाचे प्राध्यापक व्हिक्तोर कॉस्त हे या कामामागचं मोठं नाव. त्यांनी खडीच काढून टाकली. मातीच्या भाजलेल्या लांबट कुंड्या, एकीच्या खाली दुसरी अशा जिन्यासारख्या मांडलेल्या, आणि प्रत्येक कुंडीत पाण्याखाली काचेच्या बारीक कांड्यांची जाळी. अंडी त्या कांड्यांवर ओळीनं बसत आणि पाणी वरच्या कुंडीतून खालच्या कुंडीत पडत जाई. खडीत लपलेली अंडी पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आली, हा त्यातला खरा फायदा.

तो किती मोठा होता, हे बुरशी पाहिलेल्या माणसालाच कळेल. मेलेलं अंडं पांढरं पडतं. दोन दिवसांत त्यावर कापसासारखी बुरशी येते, तिचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्याला वेढतात, तेही मरतं, आणि आठवड्याभरात अख्खा गठ्ठा पांढरा होतो. खडीच्या आत हे चाललेलं कळायला मार्ग नसायचा. कुंडीत मात्र रोज सकाळी वाकून, चिमट्यानं एकेक मेलेलं अंडं उचलता येतं. जुन्या हॅचऱ्यांचं निम्मं काम हेच होतं: चिमटा, पक्ष्याचं पीस, आणि मान मोडून बसलेला माणूस. पिसानं गाळ झटकायचा, चिमट्यानं मेलेलं काढायचं. साध्या ट्राउटला 10 अंश सेल्सिअस पाण्यात सहा आठवडे लागतात, 5 अंशांत जवळपास तीन महिने, आणि त्यातला एक दिवसही सुट्टी नाही. पुढे अमेरिकनांनी लाकडी हौदांना आतून जाळून कोळशाचा थर आणला, पाणी कापडाच्या पडद्यांतून गाळून घेतलं, तेही बुरशीच्याच धास्तीनं.

याच काळात आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि तिनं अंड्यांना समुद्र ओलांडून नेलं. फलनानंतर दोन-तीन दिवसांनी अंडं फार नाजूक होतं, साधा धक्काही त्याला मारतो. पण गर्भाचे दोन काळे डोळे कवचातून दिसू लागले, की तेच अंडं टणक होतं. त्या अवस्थेत ते पाण्याबाहेर, ओल्या शेवाळात, थंडीत आठवडेच्या आठवडे जगतं. त्याही आधीच्या, ताज्या फळलेल्या अंड्याला गोठणबिंदूच्या जवळ ठेवलं तर त्याची वाढच जवळजवळ थांबते. ऑस्ट्रेलियाला अंडी नेऊ पाहणाऱ्या जेम्स यूल यांनी लंडनमधल्या बर्फाच्या तळघरात शेवाळ भरलेल्या पेट्या ठेवून याची खात्री करून घेतली. याआधीचे ऑस्ट्रेलियाला अंडी नेण्याचे प्रयत्न वाटेतच संपले होते. जानेवारी 1864मध्ये ‘नॉरफोक’ जहाज इंग्लंडहून निघालं तेव्हा पोटातल्या बर्फघरात सामनची एक लाखाच्या आसपास अंडी आणि ट्राउटची काही हजार अंडी शेवाळात निजलेली होती. विषुववृत्त ओलांडून ती एप्रिलमध्ये मेलबर्नला आणि तिथून टास्मानियातल्या प्लेंटी नदीकाठच्या तळ्यांवर पोचली. 4 मे 1864ला ट्राउटचं पहिलं अंडं फुटलं. सगळा खटाटोप ज्याच्यासाठी होता तो सामन तिथे रुजला नाही. सोबत म्हणून टाकलेला ट्राउट मात्र रुजला आणि त्याच्याच वंशातून पुढे न्यूझीलंडच्या नद्या भरल्या. आपल्याकडे काश्मीरमध्ये इंग्लंडहून आलेली 1899ची पहिली अंडी वाटेत मेली आणि 1900 साली दुसरी खेप जगली, हा त्याच गोष्टीचा धाकटा अध्याय. त्या परक्या माशांनी तिथल्या देशी माशांचं काय केलं, हा प्रश्न त्या काळात कुणाला शिवला नाही. तो आज विचारावाच लागतो.

जड अंड्याची कला अशी पुरी झाली. मग 1867मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी, सेथ ग्रीन कनेक्टिकट नदीवर आला. ट्राउटच्या धंद्यात त्याचा हात बसलेला होता. या वेळी मासा होता शॅड, आपल्या पाल्याच्या, म्हणजे हिलशाच्या, गोतातला. समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा. ग्रीननं अंडी घेतली, फळवली, ट्राउटच्या हौदात ठेवली आणि ती मेली. शॅडचं अंडं हलकं असतं, पाण्यापेक्षा जेमतेम जड. नदीच्या मधल्या थरात ते लोळत जातं. हौदात ते तळाशी ढीग करून बसलं आणि गुदमरलं.

ग्रीननं केलेला उपाय इतका साधा आहे, की चित्र पाहिल्याशिवाय पटत नाही. तळाला तारेची जाळी असलेली उघडी लाकडी पेटी. दोन्ही बाजूंना तरंगणारी दांडकी, पण ती सरळ न ठोकता तिरपी ठोकलेली. त्यामुळे पेटी नदीत थोडी कलती तरंगते, जाळीचा तळ प्रवाहाकडे तोंड करतो, पाणी खालून आत शिरतं आणि अंडी सतत उचलत, घोळवत ठेवतं. यंत्र नाही, पंप नाही. सगळी करामत त्या दांडक्यांच्या तिरकेपणात. उन्हाळी पाण्यात काही दिवसांतच पिल्लं फुटली. ट्राउटचे तीन महिने मोजलेल्या माणसाला तो वेग केवढा वाटला असेल!

नदी नसेल तिथे हाच उचलणारा प्रवाह काचेत आणला मार्शल मॅकडॉनल्डनं, 1880च्या दशकात. बुडाशी अर्धगोल असलेली उंच बरणी, तोंडाला धातूचं झाकण, झाकणातून दोन नळ्या. मधली नळी जवळजवळ तळापर्यंत जाते आणि पाणी तिथे सोडते. पाणी गोल बुडावर आपटून कडेनं वर चढतं, अंड्यांना वर नेतं, आणि अंडी मधून पुन्हा खाली येतात. बरणीकडे बघत बसलं तर दूध उकळी येण्याआधी जसं आतल्या आत फिरतं तसं दिसतं. मेलेली अंडी हलकी होऊन वरच्या थरात जमतात. दुसरी नळी थोडी खाली सरकवली की पाण्याबरोबर ती आपोआप बाहेर जातात. चिमटा आणि पीस घेऊन बसलेल्या माणसाची मान इथे सरळ झाली. अमेरिकेच्या मत्स्य आयोगानं तर 1880मध्ये ‘फिश हॉक’ नावाचं वाफेवर चालणारं जहाजच बांधलं, म्हणजे मासे जिथे अंड्यावर येतील तिथे हॅचरी जाईल.

हलक्या अंड्याला उचलून धरावं लागतं म्हणजे काय, ते मी एका रात्री शिकले. एका मत्स्यबीज केंद्रावर उमेदवारी करत होते. श्रावणातली रात्र, गोल हौदात रोहूची काही लाख अंडी फिरत होती. रोहूचं फळलेलं अंडं पाणी पिऊन फुगलं की हुबेहूब भिजलेल्या साबुदाण्यासारखं दिसतं, आणि मधोमध गर्भाचा बारीक ठिपका. पहाटे तीनच्या सुमारास वीज गेली. जनरेटर सुरू होईना. वरच्या टाकीतलं पाणी संपलं, तळातल्या बदकतोंडी नळ्यांतून येणारी धार बारीक झाली आणि थांबली. हौद फिरायचा थांबला. बॅटरीच्या उजेडात मी पाहत होते: साबुदाणा एका बाजूला सरकत, एकावर एक बसत चालला होता. तिथे वीस वर्षं काम केलेले एक मामा होते. ते कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि म्हणाले, “ताई, या आत. हात घाला, हलवत राहा. जोरात नको.” आम्ही चौघं जण हौदात उभं राहून तळहातानं पाणी गोल फिरवत राहिलो. अंडी बोटांमधून जात होती, जेलीसारखी, जवळजवळ वजन नसलेली. उजाडेपर्यंत निम्म्याहून जास्त गेली. जी राहिली ती मामांच्या हातांनी राहिली. ग्रीनची तिरपी पेटी मी पुढे चित्रात पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा माझे तळहात आठवले.

तरंगणाऱ्या अंड्याची गोष्ट वेगळी, आणि तिच्यात या विषयातली सर्वांत मोठी फसगत आहे. समुद्रातला कॉड तळाशी अंडी घालत असेल असं लोक धरून चालले होते. नॉर्वेच्या गेओर्ग ओसियन सार्स यांनी 1860च्या दशकात लोफोटेन बेटांजवळ जाळी ओढून दाखवलं, की ती पृष्ठभागाशी तरंगतात. बरणीत खालून पाणी सोडलं तर ही अंडी वर जाऊन बाहेरच्या नळीत अडकायची, हौदात नुसती ठेवली तर वर साय धरून कुजायची. त्यांना हवं होतं लाटेचं हलणं. नॉर्वेतल्या आरेंडालजवळ फ्लोडेविगन इथे कॅप्टन गुंडर मातिसेन डानेविग यांनी 1882मध्ये हॅचरी सुरू केली. त्यांच्या पेट्या पाण्यात एका टोकाला बिजागरीसारख्या अडकवलेल्या होत्या, दुसरं टोक पाण्याच्या जोरावर हळूहळू वर उचललं जाई आणि पुन्हा खाली बसे. दिवसरात्र, डुलणाऱ्या पाळण्यासारखं. पाळणा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. समुद्राची चाल एका शेडमध्ये आणण्याचा इतका नेमका प्रयत्न मला दुसरा माहीत नाही.

कोट्यवधी कॉडची पिल्लं अशी फुटली आणि कवचातून निघताच समुद्रात सोडली गेली. अमेरिकेत वुड्स होल आणि ग्लॉस्टर, न्यूफाउंडलंडमध्ये डिल्डो बेट, स्कॉटलंडमध्ये डनबार, सगळीकडे तेच. एक मोठी कॉड मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. त्यांतली जगतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे हॅचरीतून सोडलेल्या पिल्लांचा आकडा कागदावर छाती दडपवणारा आणि समुद्राच्या हिशेबात नगण्य होता. योहान यॉर्ट यांनी त्याच नॉर्वेत, 20व्या शतकाच्या सुरुवातीला, या सोडण्याचा खरंच उपयोग होतो का, हा प्रश्न उघडपणे विचारला. पुढे त्यांनीच दाखवलं, की एखाद्या सालची पिल्लं जगणार की नाही हे फुटल्यानंतरच्या पहिल्या दिवसांतल्या समुद्रावर फार अवलंबून असतं. तरी फ्लोडेविगनहून कॉडची पिल्लं सोडणं 1971पर्यंत चालू राहिलं. उबवण्याची कला त्या लोकांना उत्तम साधली होती. फुटलं म्हणजे मासा झाला, हे मात्र त्यांनी फार लवकर धरून टाकलं. या पुस्तकातली हॅचऱ्यांची वार्षिक आकडेवारी वाचताना वाचकानं हे मनात ठेवावं. कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीवर 1872मध्ये लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी उभारलेल्या सामन केंद्राचंही तसंच. तिथली अंडी जगभर गेली, न्यूझीलंडमध्ये त्यांची वस्ती झाली. त्या काठावरच्या विनेमेम विंटू लोकांनी तिथे राबून काम केलं. आणि आज ती जागा शास्ता धरणाच्या पाण्याखाली आहे, वर चढणारा सामन तिथवर पोचतच नाही.

कालवांकडे वळलं की अंड्याचा प्रश्न जवळजवळ बाजूलाच पडतो. युरोपातलं चपटं कालव आपली अंडी शिंपल्याच्या आतच, कल्ल्यांपाशी सांभाळतं आणि तयार अळ्या बाहेर सोडतं. अळ्या दोनेक आठवडे तरंगतात आणि मग त्यांना कशाला तरी कायमचं चिकटायचं असतं. स्वच्छ, टणक जागा मिळाली नाही तर त्या गाळात पडून मरतात. म्हणजे इथलं उपकरण उबवण्याचं नव्हे, बसवण्याचं. कॉस्त यांनी इटलीत नेपल्सजवळच्या फुझारो सरोवरात पाहिलं, की तिथले लोक दगडांच्या राशींभोवती खुंट ठोकतात आणि मध्ये दोऱ्यांना काटक्यांच्या जुड्या टांगतात. जुड्यांवर कालवांची पिल्लं बसतात. परत आल्यावर त्यांनी नेपोलियन तिसऱ्याला गळ घातली आणि 1858मध्ये ब्रिटनीतल्या सँ-ब्रियक उपसागरात लाखो कालवं आणि काटक्यांच्या जुड्या टाकल्या. पहिल्या पाहणीत जुड्या पिल्लांनी लगडलेल्या निघाल्या. काही वर्षांत तिथे काही उरलं नाही. सरोवराच्या शांत पाण्याचं साधन उघड्या समुद्रात टिकलं नाही.

पुढची अडचण फ्रान्समधल्याच आर्काशों खाडीतल्या लोकांना आली. छपराची अर्धगोल कौलं पाण्यात मांडली, म्हणजे आपल्या नळीच्या कौलांसारखी, तर त्यांवर पिल्लं सुरेख बसायची. पण काढताना कोवळा शिंपला फुटायचा. 1865च्या सुमारास मिशेले नावाच्या गवंड्यानं कौलांना चुना आणि वाळूचा लेप दिला. पिल्लू आता कौलावर नव्हे, लेपावर बसू लागलं. महिन्यांनी कौलावरून लेप पापुद्र्यासारखा सोलला की पिल्लं अखंड सुटतात. चुन्याच्या लेपाची जाडी किती ठेवली म्हणजे तो लाटेनं धुपणार नाही आणि हातानं निघेल, हे प्राध्यापकाच्या आधी गवंड्याला कळलं, यात मला नवल वाटत नाही. आर्काशोंला चुन्याची कौलं आजही वापरात आहेत.

अमेरिकेतलं कालव, आणि आपल्या कोकणातल्या खडकांवरचं कालवही, अंडी थेट पाण्यात सोडतं. म्हणून तिथे फलन हातानं करता येणं शक्य होतं आणि विल्यम कीथ ब्रुक्स यांनी 1879च्या आसपास चेसापीक उपसागरात ते करून दाखवलं. पण अळ्या काही दिवसांच्या पुढे जगवता येईनात, कारण पाणी बदलायचं कसं? त्या इतक्या बारीक, की पाण्याबरोबर निघून जात. हे कोडं सुटायला चाळीस वर्षं लागली. विल्यम फर्थ वेल्स यांनी 1920च्या सुमारास दुधातून साय वेगळी करणारं डेअरीचं फिरतं यंत्र घेतलं, त्यातून पाणी फिरवून अळ्या बाजूला काढल्या आणि ताज्या पाण्यात ठेवल्या. अळ्या पहिल्यांदाच बसून शिंपल्या झाल्या. हेच वेल्स पुढे हवेतून सूक्ष्म थेंबांवाटे रोग कसे पसरतात याच्या अभ्यासासाठी जगाला माहीत झाले. तरंगणाऱ्या बारीक गोष्टींकडे इतक्या बारकाईनं पाहणारा माणूस त्या प्रश्नाकडे गेला, हे मला अगदी सरळ वाटतं. लॉबस्टरची गोष्ट मी इथे लांबवत नाही. अळ्या तळाशी बसून एकमेकांना खातात म्हणून ऱ्होड आयलंडच्या विकफर्डला मीड यांनी कापडी हौदात सतत फिरणारी वल्ही बसवली, एवढं सांगितलं तरी तत्त्व ध्यानात येईल.

आता आपल्या पाण्याकडे येते. रोहू, कटला, मृगळ ही पावसाच्या पुरात अंडी घालणारी मंडळी. तळ्यात ती वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. बंगालमध्ये मेदिनीपूर, बांकुडा भागांत याची जुनी युक्ती होती: माळाचं पावसाचं पाणी बांधात लोंढ्यानं उतरू द्यायचं, मासे त्या लोंढ्यात अंडी सोडतात, ती गामछ्यानं, म्हणजे पातळ पंचानं, गाळून घ्यायची आणि मातीनं लिंपलेल्या उथळ खड्ड्यांत ठेवायची. नदीतून गोळा केलेली जिऱ्याएवढी पिल्लं मातीच्या हंड्यांत भरून कोलकत्याहून रेल्वेनं देशभर जात. बरोबरचा माणूस रात्रभर हंडीतलं पाणी हातानं थापटत बसे आणि घाण तळाशी बसावी म्हणून त्यात लाल माती टाकत असे. मत्स्यजिरे हा आपला शब्द त्या हंडीत डोकावलेल्या कुणाच्या तरी डोळ्यांतून आला असावा, असं मला नेहमी वाटतं.

पावसावरचं हे अवलंबून राहणं 10 जुलै 1957ला सुटलं. ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी एका माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून त्याच्याकडून तळ्याच्या पाण्यात अंडी घालवून घेतली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मात्र अंडी हुकमी मिळू लागली म्हणून ती हुकमी फुटतात असं नव्हतं. ग्रीनला होल्योकला पडलेला प्रश्न आपल्याला अंगुलनंतर पडला. पुढे मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत उभ्या भांड्यांची ‘डी-80’ हॅचरी झाली, चीनकडून आलेले गोल हौद गावोगावी बांधले गेले. मॅकडॉनल्डच्या बरणीशी त्यांचं नातं पाहणाऱ्याला लगेच दिसतं: पाणी खालून, अंडं अधांतरी. चिकटणारं अंडं सायप्रिनस या माशाचं, त्याच्यासाठी हौदात हायड्रिला या पाणवनस्पतीच्या जुड्या टाकल्या की काम भागतं.

या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटतं ते आपल्याकडचं कापडी उपकरण, हापा. तळ्यात चार बांबू रोवायचे आणि त्यांना दोन मीटर लांब, मीटरभर रुंद अशी जाड मांजरपाटाची पेटी बांधायची. तिच्या आत मच्छरदाणीच्या कापडाची थोडी लहान, उथळ पेटी. आतल्या पेटीत लाखभर अंडी, पसरून, एका थरात. पाणी तळ्याचंच, हलवणारा वारा तळ्यावरचाच. सोळा-अठरा तासांत अंडी फुटतात. पिल्लू म्हणजे तेव्हा पारदर्शक दोरा असतो, पोटाशी पिवळी पिशवी. ते वळवळत मच्छरदाणीच्या छिद्रातून खाली, बाहेरच्या कापडात उतरतं. कवचं आणि मेलेली अंडी वरच राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जण गुडघाभर पाण्यात उभं राहून आतली मच्छरदाणी चार कोपऱ्यांनी उचलतात. पाणी निथळतं. कापडावर पांढुरका, बुळबुळीत कवचांचा थर तेवढा उरलेला असतो. तो बाजूला झटकून वाकून पाहिलं, की खाली मांजरपाटावर काही दिसत नाही. पाण्यावर सावली धरली, की मग तळाशी हजारो बारीक रेघा एकदम हलतात.